वाळूत पुरलेला चपटा मासा श्वास कसा घेतो? (आणि त्याला नेमका कसला तळ लागतो?)

ओहोटी (धागाकर्ता)

लेप, लेपटी, भाकस अशा चपट्या माशांबद्दल दोन प्रश्न आहेत.

पहिला: हा मासा एका कुशीवर पडून अंगावर वाळू ओढून घेतो. वर फक्त डोळे आणि तोंडाचा कोपरा दिसतो. म्हणजे एक कल्ला तळाला टेकलेला आणि दुसऱ्यावरही वाळूचा थर. अशा वेळी खालचा कल्ला बंद असतो का? निम्म्या कल्ल्यांवर मासा तासन्‌तास कसा तग धरतो?

दुसरा: उष्ण कटिबंधातल्या जवळजवळ प्रत्येक जातीपुढे 'अधिवास: वालुकामय व चिखलट तळ' एवढंच लिहिलेलं सापडतं. वाळू आणि चिखल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोणत्या जातीला काय लागतं आणि का, हे जाणकारांनी जरा उलगडून सांगावं.

---

खाजण

उत्तराआधी नावांचा गुंता सोडवू, नाहीतर पुढे सगळेच एकमेकांशी भांडतील. 'चपटा मासा' ही एक जात नव्हे. या गणात सातशेहून जास्त जाती आहेत. उष्ण किनाऱ्यांवर मुख्यतः हे गट भेटतात:

भाकस म्हणजे सेटोड्स एरुमेई. जाड अंग, मोठं तोंड, धारदार दात. तांबड्या समुद्रापासून जपान-ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेला.

लेप, लेपटी म्हणजे सायनोग्लॉसस आणि त्याचे भाऊबंद. जिभेसारखा आकार, छातीचे पर नाहीत, पाठीचा पर आणि गुदपर शेपटीला जाऊन मिळालेले.

सोल गट, म्हणजे ब्रॅकायरस, झेब्रियास, पार्डाकायरस वगैरे. पानासारखे लांबट-गोल, डोळे उजव्या बाजूला.

आणि डाव्या डोळ्यांचे फ्लाउंडर, म्हणजे बोथस आणि स्यूडोऱ्होम्बस.

यांतला भाकस शिकारी आहे, मासे पकडून खातो. लेप चिखलातले कृमी आणि बारीक कवचधारी टिपतो. दोघांचं घर एकच असणं शक्यच नाही.

---

गाळचाळण

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. 'वाळू' हा शब्द नुसत्या डोळ्यांनी ठरवू नका, कणाच्या मापाने ठरवा. २ मिमी ते ०.०६३ मिमी म्हणजे वाळू. त्यातली ०.५ ते १ मिमी जाड, ०.२५ ते ०.५ मध्यम, ०.१२५ ते ०.२५ बारीक. ०.०६३ मिमीच्या खाली गेलं की गाळ आणि चिकणमाती, म्हणजेच आपला चिखल.

चपट्या माशाला हे माप का महत्त्वाचं? कारण पुरून घेणं ही ताकदीची गोष्ट आहे. दोन-तीन सेंटिमीटरच्या पिल्लाला जाड वाळूचे कण हलवता येत नाहीत, म्हणून पिल्लं बारीक वाळूत किंवा मऊ गाळात सापडतात. अंग वाढलं की जाड वाळूही चालते. एकाच जातीचा लहान मासा खाडीच्या मुखाशी आणि मोठा बाहेर का सापडतो, याचं एक कारण इथे आहे. दुसरं अर्थातच खाणं.

तळ मोजायचा असेल तर पद्धत अशी: पाच सेंटिमीटर व्यासाची नळी तळात दाबून वरचा पाच सेंटिमीटरचा थर घ्या. गोड्या पाण्यात कालवा, निवळू द्या, वरचं पाणी ओता. मीठ जाण्यासाठी असं दोन-तीनदा. मीठ राहिलं तर वाळताना कण एकमेकांना चिकटतात. मग ६३ मायक्रॉनच्या (म्हणजे ०.०६३ मिमीच्या) चाळणीवर ओलंच धुवा. खाली गेला तो चिखल. वर उरलं ते ओव्हनमध्ये वाळवा आणि ५००, २५०, १२५, ६३ मायक्रॉनच्या चाळण्यांच्या उतरंडीतून १०-१५ मिनिटं चाळा.

नेहमी होणाऱ्या दोन चुका. एक, चिखलाचा नमुना आधी वाळवणं. त्याची ढेकळं होतात, ती ५०० च्या चाळणीवर अडकतात आणि मऊ चिखल कागदावर 'जाड वाळू' होतो. दोन, ओलाव्याचा हिशेब विसरणं. त्याच नमुन्याचा वेगळा छोटा भाग वाळवून पाण्याचं प्रमाण काढल्याशिवाय चिखलाचा टक्का निघत नाही. शिंपल्यांचे तुकडे पुष्कळ असतील तर तशी नोंद करा. ते जाड वाळूच्या खात्यात जातात, पण माशासाठी वाळूचं काम करत नाहीत.

---

पुळण

पुरून घेण्याची क्रिया जवळून पाहिली की गाळचाळण यांचा मुद्दा लगेच पटतो. मासा तळावर टेकतो, डोकं तळावर आपटतो आणि अंगातून डोक्याकडून शेपटीकडे लाटा सोडतो. अंगाखालून कडेला जोरात पाणी ढकललं जातं. त्या पाण्याबरोबर वाळू उसळते आणि ढगासारखी माशावर बसते. मासा खड्डा खणून आत शिरत नाही, तळच उसळवून अंगावर घेतो. कण जितका जड, तितक्या वेगाने लाटा माराव्या लागतात. सारा कारभार काही सेकंदांत उरकतो.

वर बसणारा थर पातळच असतो. कडेचे पर झाकले गेले की माशाची बाह्यरेषा पुसली जाते आणि तेवढ्यावर काम भागतं. डोळे मात्र बाहेर राहायला हवेत. त्यासाठी डोळ्यामागे द्रवाने भरलेली एक पिशवी असते. ती फुगली की डोळा खोबणीतून वर उचलला जातो. दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरतात, त्यामुळे बाकी अंग निपचित असलं तरी पाळत चालू असते.

---

तिसऱ्या

अंगाला लेप लावून बसतो म्हणून लेप. नाव ठेवणाऱ्याला दंडवत :)

---

शेवंड

गाळचाळण, कणाच्या मापाबद्दल सहमत. पण वाचणाऱ्याचा असा समज होईल की जितका बारीक गाळ तितकं चांगलं घर. तसं नाही. बारीक चिखलात पाणी मुरत नाही, खालून प्राणवायू संपतो. नळी काढल्यावर कडेने पाहा. वर तपकिरी-राखाडी थर, खाली काळा, कुजक्या अंड्याच्या वासाचा. काळा थर पृष्ठभागापासून किती खाली सुरू होतो, ते पट्टीने मोजून लिहा. तो अगदी वर आलेला असेल तर कृमी कमी, आणि कृमी कमी म्हणजे लेपही कमी.

याचं मोठं उदाहरण म्हणजे मलबार किनाऱ्यावरची लहानशी लेपटी, सायनोग्लॉसस मॅक्रोस्टोमस. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात तिथे खोलातलं कमी प्राणवायूचं पाणी किनाऱ्याच्या उथळ तळावर चढतं आणि तळातले जीव झपाट्याने घटतात. पावसाळा ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास लेपटीचे थवे किनाऱ्याजवळच्या चिखलावर येतात. १९५० च्या दशकात शेषप्पा आणि भीमाचार यांनी या माशाच्या खवल्यांवरची वलयं तपासली आणि ती पावसाळ्यातल्या उपासमारीशी जोडली. थंड देशांतल्या माशांत हिवाळ्यात वाढ मंदावून वलय उमटतं. इथे पाणी कोमट असूनही वलय आहे, कारण ताटच रिकामं आहे. उष्ण कटिबंधात माशाचं वय मोजता येत नाही असं सरसकट म्हणणाऱ्यांना ही लेपटी दाखवावी.

---

गाळचाळण

शेवंड, दुरुस्ती मान्य. पिल्लाला पुरून घ्यायला बारीक कण हवा, आणि जगायला त्या कणांत हवा खेळती हवी. दोन्ही अटी बहुधा बारीक वाळूत थोडा गाळ मिसळलेल्या पट्ट्यात जुळतात. खाडीमुखाशी असे पट्टे असतात. लेपांना मात्र अधिक चिखल चालतो, हे तुमच्या उदाहरणावरून स्पष्टच आहे.

---

ओहोटी

भरपूर मिळतंय, आभार. एक मध्येच विचारतो: डोळे डावीकडे की उजवीकडे, हे धरायचं कसं? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

---

खाजण

डोळ्यांची बाजू वर ठेवा आणि पाठीचा पर वरच्या कडेला येईल असा मासा फिरवा. तोंड तुमच्या डाव्या हाताला आलं तर डावा, उजव्या हाताला आलं तर उजवा. सगळा घोळ पाठीची आणि पोटाची कड उलटी धरल्याने होतो. पोटाची कड ओळखायची खूण म्हणजे पोटाचा पर आणि गुदद्वार त्या कडेला, डोक्याच्या अगदी जवळ असतात.

पुढची पायरी. डावा, जिभेसारखा, शेपूट वेगळी न दिसणारा: लेप कुळ. उजवा आणि तसाच पानासारखा: सोल. डावा, शेपूट सुटी, छातीचा पर आहे: बोथस किंवा स्यूडोऱ्होम्बस. मग मासा पालटून आंधळी बाजू पाहा. तिथेही स्पष्ट पार्श्वरेषा (डोक्याकडून शेपटीकडे जाणारी, पाण्याची हालचाल टिपणारी रेषा) असेल आणि छातीच्या परावर तिला बाक असेल तर स्यूडोऱ्होम्बस, आंधळ्या बाजूला रेषाच नसेल तर बोथस.

भाकस मात्र या नियमात बसत नाही. त्याच्यात डावे आणि उजवे जवळपास सारखेच सापडतात. तो पाठीच्या परावरून ओळखा. बाकीच्यांत हा पर डोळ्याजवळ किंवा त्याच्याही पुढे सुरू होतो, भाकसाचा डोळ्यांच्या बराच मागे. शिवाय त्या पराच्या पुढच्या भागात खरे काटे असतात.

लेपांत जात ठरवायला रंगावर जाऊ नका. डोळस बाजूला पार्श्वरेषा किती, दोन रेषांमध्ये खवल्यांच्या रांगा किती, शेपटीच्या परात काड्या किती, आंधळ्या बाजूला रेषा आहे का, या चार गोष्टी मोजा. सायनोग्लॉसस बायलिनिएटसला दोन्ही बाजूंना दोन-दोन रेषा असतात, म्हणून तो चटकन सुटतो. ओठांना झालर असेल तर तो सायनोग्लॉसस नव्हेच, पॅराप्लागुसिया आहे.

---

डोळस

बाजूचा विषय निघालाच आहे तर मूळ गोष्ट: अंड्यातून निघालेलं पिल्लू चपटं नसतं. अंडी तरंगती, साधारण मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान. कोमट पाण्यात साधारण एका दिवसात फुटतात. पिल्लू इतर माशांसारखं उभं पोहतं, दोन बाजूंना दोन डोळे. मग थायरॉइडचं संप्रेरक वाढतं आणि एक डोळा कवटी ओलांडून दुसऱ्या बाजूला सरकतो. लेपांत उजवा डोळा डावीकडे येतो. डोळ्यासोबत कवटीची हाडं पिळतात, एका बाजूचा रंग फिका पडतो आणि पिल्लू तळाला बसतं.

सायनोग्लॉससच्या पिल्लाच्या डोक्यावर पाठीच्या पराच्या पहिल्या काड्या तुऱ्यासारख्या लांब असतात. प्लवकांच्या (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांच्या) जाळीतला नमुना पाहताना ही खूण उपयोगी पडते. बोथस गटाची पिल्लं पानासारखी पातळ आणि पारदर्शक. ती पाण्यात बराच काळ राहतात आणि चांगली मोठी झाल्यावर तळाला येतात. प्रवाहाबरोबर दूर जायला त्यांना वेळ मिळतो.

'अर्धवट सरकलेल्या डोळ्याचा काय उपयोग' हा उत्क्रांतीवरचा आक्षेप डार्विनच्या काळापासूनचा. २००८ साली जीवाश्म-अभ्यासक मॅट फ्रीडमन यांनी सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचे दोन जीवाश्म मासे, अँफिस्टियम आणि हेटेरोनेक्टेस, नव्याने तपासले. पूर्ण वाढलेल्या माशात एक डोळा कवटीच्या माथ्याकडे सरकलेला, पण पलीकडे न पोचलेला. मधली पायरी दगडात जशीच्या तशी आहे. जिवंत माशांत भाकस तिच्या सर्वांत जवळचा: त्याचा वरचा डोळा डोक्याच्या कडेवरच बसलेला असतो.

---

कर्णाश्म

शेवंड यांनी वयाचा विषय काढला म्हणून. कानातले खडे, म्हणजे ओटोलिथ, वापरणार असाल तर चपट्या माशात डावा-उजवा खडा सारखा नसतो. एका बाजूच्या खड्यात गाभा मध्यभागी, दुसऱ्यात कडेला सरकलेला, त्यामुळे वलयांची रुंदी वेगळी येते. सगळ्या माशांतून एकाच बाजूचा खडा घ्या आणि तो डोळस की आंधळ्या बाजूचा ते पाकिटावर लिहा.

खडे हवे असतील तर मासा फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका. आम्लाने खडा झिजतो. बर्फात किंवा इथेनॉलमध्ये ठेवा. ओळख पटवायला हवा असलेला मासा १०% फॉर्मॅलिनमध्ये. मोठा असेल तर पोटातही थोडं टोचा, नाहीतर आतडी आधी कुजतात. नंतर धुऊन ७०% इथेनॉलमध्ये. जनुकीय तपासणी करायची असेल तर फॉर्मॅलिनआधीच पराचा तुकडा ९५% इथेनॉलमध्ये काढून ठेवा. आणि चपटा मासा बरणीत सपाट राहील असा ठेवा. एकदा वाकडा कडक झाला की मापं चुकतात आणि पर मोडतात.

---

पुळण

नमुने मिळवण्याबद्दल जोड देतो. 'इथे चपटे मासे नाहीत' असा निष्कर्ष बहुतेक वेळा जाळ्याचा असतो, तळाचा नसतो. रापणीची खालची दोरी पुरलेल्या माशावरून सरकून जाते. दांड्याच्या ट्रॉलला खालच्या दोरीपुढे एक साखळी बांधा. ती तळ ढवळते, मासा उठतो आणि मागून येणाऱ्या जाळ्यात जातो. साखळी ढिली हवी, पण इतकी लांब नको की ती खालच्या दोरीत अडकेल.

दुसरं, वेळ. सोल आणि लेप बहुतांशी रात्री फिरतात, वास आणि स्पर्शावर खाणं शोधतात. बोथस आणि भाकस डोळ्यांवर शिकार करतात. फक्त दिवसा ओढलेल्या जाळ्यात लेप कमी दिसणारच. एकच पट्टा दिवसा आणि रात्री, भरतीच्या त्याच टप्प्यावर ओढून पाहा. ओढलेलं अंतर गुणिले दांड्याची लांबी म्हणजे क्षेत्रफळ. आकडे दर हजार चौरस मीटरला लिहिले तरच तुलना होते.

---

निवटी

पकडलेले मासे एका बादलीत टाकणाऱ्यांसाठी सावधगिरी. पार्डाकायरस हा सोल निघाला तर त्याला वेगळा ठेवा. पाठीच्या आणि गुदपराच्या मुळाशी ओळीने ग्रंथी असतात. त्रास झाला की त्यांतून दुधासारखा स्राव येतो आणि छोट्या पाण्यात बाकीचे मासे मरतात. तांबड्या समुद्रातल्या पार्डाकायरस मार्मोरेटसवर मत्स्य-अभ्यासक युजेनी क्लार्क यांनी काम केलं. तोंडात हा सोल घेतलेला शार्क जबडा मिटू शकत नव्हता. त्यातलं पार्डॅक्सिन हे ३३ अमिनो आम्लांचं पेप्टाइड (प्रथिनासारखी छोटी साखळी) पेशींच्या आवरणाला भोकं पाडतं. शार्क पळवायचं औषध म्हणून ते चाललं नाही, कारण साठवणीत टिकत नाही आणि पाण्यात विरळ झालं की निष्प्रभ होतं. माशाच्या दृष्टीने काहीच बिघडत नाही. शत्रूचं तोंड त्याच्या अंगालाच लागलेलं असतं.

---

तिसऱ्या

आणि रंग बदलणं? कातडीला खालची वाळू 'जाणवते' असं वाचलं आहे.

---

डोळस

काम मुख्यतः डोळ्यांचं. डोळे झाकले की तळाशी जुळवून घेणं थांबतं. १९९६ साली व्ही. एस. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी बोथस ओसेलॅटसला बुद्धिबळाच्या पटासारख्या तळावर ठेवलं. मासा दोन ते आठ सेकंदांत जुळणारी नक्षी आणत होता. नक्षीचे थोडेच मूळ प्रकार असतात, ते कमी-अधिक मिसळून हवा तो तळ साधला जातो. म्हणूनच खाजण म्हणाले ते खरं: रंगावरून जात ठरवू नका. फोटो काढायचाच तर मासा ताजा असताना, राखाडी पाटीवर, पर पसरून. फॉर्मॅलिनमध्ये रंग जातो.

---

हौद

हौदात वाढवणाऱ्यांसाठी दोन ओळी. वाळूशिवाय उघड्या तळावर वाढवलेल्या फ्लाउंडरच्या आंधळ्या बाजूवर काळे डाग येतात. जपानी फ्लाउंडरच्या पैदाशीत हा जुना त्रास आहे आणि तळाला बारीक वाळू दिली की तो बराच कमी होतो. पिसलेलं प्रवाळ वापरू नका. टोकदार कणांनी खालची कातडी सोलते आणि तिथे जखम चिघळते. गोल कणांची, अर्ध्या मिलिमीटरच्या आतली वाळू, चार-पाच सेंटिमीटर थर. त्याहून जाड थर केला तर शेवंड यांनी सांगितलेला काळा थर हौदातही तयार होतो. खाणं दिवे मालवल्यावर, तळाशी सोडा. वर तरंगणाऱ्या गोळ्यांकडे लेप ढुंकूनही पाहत नाही.

---

ओहोटी

सगळं वाचून दुसऱ्या प्रश्नाचं समाधान झालं. पहिला अजून तसाच लटकला आहे! खालच्या कल्ल्याचं काय?

---

पुळण

खरंच राहिलं. खालचा कल्ला बंद नसतो. दोन्ही बाजूंचे कल्ले काम करतात. तोंडातून आत आलेलं पाणी दोन्हींवरून जातं. अडचण फक्त बाहेर पडण्याची. खालच्या कल्ल्याच्या झाकणाखालून झोत सोडला तर वाळू उसळेल आणि लपणं फुकट जाईल. प्लेस या युरोपातल्या चपट्या माशात १९६७ साली यझदानी आणि अलेक्झांडर यांनी दाखवलं की खालच्या कल्ल्याच्या पोकळीतलं पाणी एका मार्गाने वरच्या पोकळीत येतं आणि तळावर पडलेला मासा ते डोळस बाजूच्या झाकणातून सोडतो. वाळूचा थर तिथे पातळ असतो. नीट पाहिलं तर झाकणाच्या कडेला बोटाच्या पेराएवढी जागा हलताना दिसते. बुडी मारणारे पुरलेला मासा बहुतेकदा याच हालचालीवरून शोधतात.

---

शेवंड

यात भर. मासा पाणी घेतो ते तोंडाच्या कोपऱ्यातून, तळाच्या वरचं. कणांमधलं पाणी तो घेत नाही, म्हणून काळ्या थराच्या जरा वर पडूनही त्याचं निभावतं. पण तळाला टेकलेल्या पाण्यातलाच प्राणवायू घटला, तर मासा वाळू झटकून डोकं उचलतो, झाकणाची हालचाल वाढते आणि शेवटी जागा सोडतो.

---

हौद

काचेच्या टाकीत हे स्वतः पाहता येतं. मासा पुरून स्थिर झाला की अर्धा तास हात लावू नका. मग खाण्याचा रंग टाकीच्याच पाण्यात मिसळा, म्हणजे तो जड होऊन खाली बसणार नाही. लांब पिपेटने तोंडाच्या कोपऱ्यापाशी दोन-तीन थेंब अगदी हळू सोडा. जोरात सोडले तर मासा उठतो. रंग कुठून बाहेर येतो ते बाजूने आणि वरून, दोन्हीकडून चित्रित करा. लेपावर आणि फ्लाउंडरवर वेगवेगळं करून पाहा, तोंडाची ठेवण वेगळी आहे. सोबत मिनिटाला झाकण किती वेळा हलतं ते तीनदा मोजा आणि पाण्याचं तापमान लिहा. तापमानाशिवाय तो आकडा कोणाच्याच कामाचा नाही.

---

ओहोटी

आता नीट कळलं. टाकी, पिपेट आणि वाळू तयार ठेवतो. गाळचाळण, वाळू २५० आणि १२५ च्या चाळण्यांमधली घेऊ ना?

---

गाळचाळण

हो, तीच. आणि टाकीत घालण्याआधी पाणी नितळ होईपर्यंत धुवा, नाहीतर पहिल्या डुबकीतच सगळं गढूळ होईल आणि रंग दिसायचाच नाही.